कात्रजचं पाणी

मराठीत कुणाला गंडवलं की आपण म्हणतो, त्याला कात्रजचा घाट दाखवला. 1663 च्या चैत्रात शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाइस्तेखानाची बोटं छाटली. पाठलागावरच्या मोगली फौजेला चकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, अशी गोष्ट सांगतात. बैल एकीकडे, महाराज दुसरीकडे. गोष्ट इतकी लाडकी की घाटाचं नाव फसवणुकीला कायमचं चिकटलं. त्याच घाटाच्या पायथ्याशी अडवलेल्या पाण्यावर पुणं पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगलं, पण त्याची एकही म्हण झाली नाही.

आज कात्रजचं तळं म्हणजे रविवारची सहल. एका अंगाला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, दुसऱ्या अंगाला महापालिकेची बाग, पोरांसाठी झुकझुक गाडी, बाहेर कणसं आणि भेळ. वाघ बघून दमलेली मंडळी तळ्याकाठच्या बाकावर टेकतात, डबा उघडतात, फोटो काढतात. पाटीवर 'नानासाहेब पेशवे जलाशय' असं लिहिलेलं असतं. जलाशय कळतो, नानासाहेब साधारण कळतात. पण घाटाखालच्या या तळ्याचा आणि दूर शहराच्या मध्यात असलेल्या शनिवारवाड्याचा काय संबंध, हे सहसा कुणी विचारत नाही.

संबंध पाण्याचा आहे, आणि त्याची सुरुवात 1749 च्या सुमाराला होते.

त्या साली डिसेंबरात साताऱ्याला शाहू महाराज वारले आणि मराठी राज्याचा कारभार उघडपणे पुण्यात आला. बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब पेशवे, तेव्हा ऐन तिशीच्या उंबरठ्यावर होते. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी शनिवारवाड्याचा पाया घातला तेव्हा पुणं हा एक कसबा होता. आता राजधानी नसूनही राजधानीचा सगळा संसार त्याच्या गळ्यात पडला. सरदारांचे वाडे, कारकुनांची बिऱ्हाडं, सावकार, सोनार, कासार, घोडी, उंट, हत्ती, श्रावणात दक्षिणेसाठी लोटणारे हजारो ब्राह्मण. पेठांवर पेठा वसत गेल्या, आणि त्या बहुतेक नदीपासून दूर, दक्षिणेकडे सरकत गेल्या.

नदी म्हणजे मुठा. पावसाळ्यात तिचा आव मोठा, पण फाल्गुन उलटला की पात्रात खडक वर येत आणि डबक्यांतून कळश्या भराव्या लागत. घरोघर आड होते. काहींचं पाणी बरं, काहींचं इतकं जड की त्यात डाळ शिजत नसे. शिवाय आड म्हणजे रहाट, दोर आणि खांदे. चार माणसांच्या घराला तो पुरतो, शंभर घोड्यांच्या पागेला पुरत नाही.

नानासाहेबांना पाण्याची दृष्टी होती, असं मला त्यांच्या इतर गुणदोषांपेक्षा अधिक खात्रीनं वाटतं. पानिपतचा धनी म्हणून इतिहास त्यांना कठोरपणे तोलतो, आणि त्यात फारसं चूक नाही. पण पुण्यातून पानिपत वजा केलं आणि नानासाहेबांनी या गावात काय बांधलं एवढंच मोजलं, तर हिशेब वेगळा लागतो. गावाला जे हवं होतं ते दक्षिणेच्या डोंगरात होतं. कात्रजच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस आंबिल ओढ्यातून गावाकडे येत असे. ओढा दोन वेळा अडवला: एकदा घाटाच्या अगदी पायथ्याशी, आताच्या भिलारेवाडीजवळ, आणि पुन्हा खाली कात्रज गावालगत. डोंगरावरून येणारा गाळ आणि पाचोळा वरच्या तळ्यात बसायचा. मग निवळलेलं पाणी खालच्या तळ्यात. आजची सहल असते ती या खालच्या तळ्यावर.

धरण बांधणं ही कामाची सोपी बाजू होती. अवघड होतं ते तिथलं पाणी आठ-दहा किलोमीटरवरच्या गावात आणणं, तेही ना मोट, ना रहाट, ना पंप. हाताशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे उतार. कात्रज उंचावर, शनिवारवाडा मुठेच्या काठी सखलात. मधल्या जमिनीला चढउतार असले तरी पोटातून नेलेल्या नळाला सतत थोडा थोडा उतार देत गेलं, तर पाणी आपल्या पायांनी चालत येतं. उतार जास्त झाला तर पाण्याचा वेग बांधकाम खाणार, कमी झाला तर गाळ साचून नळ तुंबणार. हे गणित कुणी केलं, त्याचं नाव बखरींच्या पानांत ठळकपणे येत नाही. लढायांचे सेनापती आपल्याला ओळीनं पाठ असतात. ज्या गवंड्यानं ओळंबा आणि पाणसळ घेऊन डोंगरापासून वाड्यापर्यंत उतार धरला, त्याची ना समाधी ना चौक.

'नळ' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी पाइप येतो. कात्रजचा नळ म्हणजे जमिनीखालचा बोळ आहे. दगड आणि विटांचं चुन्यातलं बांधकाम, रुंदी साधारण अडीच फूट आणि उंची पुरुषभर. आत माणूस उभा राहून चालू शकतो आणि चालावाच, अशीच ती रचना आहे, कारण गाळ काढायला आणि गिलावा दुरुस्त करायला माणसं आत उतरणार होती. वाटेवर ठिकठिकाणी या बोळातून वर जमिनीपर्यंत दगडी तोंडं काढलेली असतात. त्यांना नाव दिलं 'उच्छ्वास'. बोलीत त्याचे उसासे झाले. बंद नळात हवा कोंडली तर पाणी अडतं, म्हणून त्याला श्वास सोडायची वाट हवी. त्याच वाटेनं माणूस खाली उतरे, त्याच वाटेनं गाळाची पाटी वर येई. यंत्राच्या भागाला इतकं अचूक आणि इतकं देहाचं नाव देणाऱ्या माणसाला भाषा येत होती, एवढं नक्की.

जुन्या पुण्यात आणि सातारा रस्त्याच्या बाजूला असे उसासे आतापर्यंत अनेकांनी पाहिले आहेत. कुठे त्याला शेंदूर फासून देव केलेला, कुठे टपरीनं पाठ टेकलेली, कुठे सोसायटीच्या भिंतीत अर्धा गेलेला. ज्याला शेंदूर लागला तो सहसा वाचला. आपल्याकडे वारसा जपायचा शेंदराइतका भरवशाचा कायदा अजून निघालेला नाही.

नळ गावात शिरला की त्याला फाटे फुटत. एक धार शनिवारवाड्यात, काही मोठ्या वाड्यांना, आणि उरलेलं पाणी हौदांत. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं, सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचं, बाळपेशव्यांच्या, म्हणजे सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी बांधल्याचं सांगतात. कारंजं उडायला दाब लागतो आणि दाब उंचीतून येतो. वाड्याच्या अंगणात नाचणाऱ्या त्या पाण्यामागे घाटाच्या पायथ्यापर्यंतचा उतार उभा होता.

पण कारंजं हा शोभेचा भाग. खरं शहर हौदावर चाले.

हौद म्हणजे जमिनीत बांधलेली दगडी टाकी. वर येण्यापुरता काठ, एका अंगाला उतरायला पायऱ्या, कुठे भिंतीतून तोट्या. लहानपणी एका नातलगांच्या वाड्याच्या चौकात असा हौद मी पाहिला होता. तेव्हा त्यात पाणी नव्हतं, तुटक्या खुर्च्या आणि एक सायकल होती. मला आठवतो तो त्याचा काठ. काळ्या दगडात ओळीनं उथळ खळगे पडले होते. आजी म्हणाली, कळश्या टेकवून टेकवून झालेत ते. मी बोट फिरवून बघितलं. खळगा इतका गुळगुळीत होता की तो मुद्दाम घडवल्यासारखा वाटे. दगडाला खळगा पाडायला किती बायका आणि किती सकाळी लागल्या असतील, याचा अंदाज मला तेव्हाही आला नाही आणि आताही येत नाही. वाडा पडला, तिथे इमारत झाली, हौदाचं काय झालं ते कुणाला विचारायचं राहिलं.

हौद गेले तरी नावं राहिली. पुण्यातला रिक्षावाला आजही फडके हौद म्हटलं की नेतो, बदामी हौद म्हटलं की नेतो, काळा हौद, भुतकर हौद, बाहुलीचा हौद सांगितला तरी नेतो. कसब्यातली सात तोटी चौकी ही पोलिसांची म्हणून प्रसिद्ध. सात तोट्या होत्या त्या हौदाच्या. गुरुवार पेठेतल्या पंचहौदाचं नाव तर इतिहासात भलत्याच कारणानं गेलं. 1890 च्या ऑक्टोबरात तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि आणखी काही मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला; मग नावं छापून आली, वाळीत टाकण्याचं ग्रामण्य पेटलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. एका कप चहानं पुणं दोन वर्षं हललं.

कुणाच्या हातचं पाणी कुणी प्यायचं, हा प्रश्न या हौदांना पहिल्या दिवसापासून चिकटलेला होता आणि कात्रजचं गुणगान करताना तो गाळून चालणार नाही. डोंगरातून येताना पाण्याला जात नव्हती. हौदाच्या काठाशी ती यायची. सार्वजनिक म्हणवणाऱ्या हौदांवर अस्पृश्यांना मज्जाव होता. ओंजळ पुढे करून, वरून कुणी ओतेल तेव्हा प्यायचं, ही रीत. याच पुण्यात 1868 साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. भाषणं पुष्कळ जण करत होते. यांनी घराचं दार उघडलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. तो हौद आज फुलेवाड्यात बघता येतो. पुण्यातल्या सगळ्या हौदांमध्ये मला तो एकटा खरा सार्वजनिक वाटतो, आणि तो तर खासगी होता.

कात्रजच्या नळाचं यश बघून इतरांनीही नळ आणले. नाना फडणवीसांनी आंबेगावाकडून आपल्या वाड्याकडे आणि बेलबागेकडे पाणी आणलं. रास्त्यांच्या आणि चौधरींच्या नावाचे नळ झाले. श्रीमंती दाखवायच्या पुष्कळ तऱ्हा असतात. हत्ती बाळगता येतो, मेजवानी घालता येते. उत्तर पेशवाईत पुण्यात पाणी आणणं ही त्यांतली एक तऱ्हा झाली, आणि तिचा उपयोग तरी झाला.

आंबिल ओढ्यावर नानासाहेबांचं आणखी एक काम आहे. ओढा कात्रजहून धनकवडी, पद्मावतीच्या अंगानं येत पर्वतीच्या पायथ्याशी पोचे आणि तिथून थेट गावात घुसे. तांबडी जोगेश्वरीचं देऊळ एके काळी या ओढ्याच्या काठी, गावाच्या वेशीवर होतं, हे आज बुधवार पेठेतल्या गर्दीत उभं राहून पटत नाही. पावसाळ्यात ओढा वस्तीत शिरे. पर्वतीवर देवदेवेश्वराचं देऊळ झालं आणि त्याच्या पायथ्याशी नानासाहेबांनी ओढा अडवून मोठं तळं केलं. ओढ्याला पश्चिमेकडे वळवून दांडेकर पूल आज आहे त्या बाजूनं मुठेत सोडलं. तळ्याचं काम रेंगाळलं होतं. एकदा नानासाहेब हत्तीवरून उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. मग बरोबरच्या सरदारांना हात बांधून उभं राहता येईना, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, कंत्राटदारांच्या बैठका घेणाऱ्या आजच्या कारभाऱ्यांना ती अधूनमधून ऐकवायला हरकत नाही.

त्या तळ्याच्या मध्यात बेट होतं. 1784 साली सवाई माधवरावांनी तिथे गणपती बसवला. तो आपला सारसबागेतला, 'तळ्यातला गणपती'. लोक त्याला अजून तळ्यातलाच म्हणतात, पण तळं केव्हाच गेलं. विसाव्या शतकात ते आटलं, बुजवलं गेलं, आणि त्या जागी सारसबाग आणि पेशवे पार्क आले. पेशवे पार्कात प्राणिसंग्रहालय होतं. 2005 पर्यंत ते प्राणी हलवून कात्रजला नेले. म्हणजे नानासाहेबांच्या एका तळ्याच्या पोटातली जनावरं त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला, नानासाहेबांच्याच दुसऱ्या तळ्याच्या काठी गेली. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्या हे ध्यानात आलं होतं की नाही कोण जाणे. संग्रहालयाची जागा 130 एकर. त्यातले 42 एकर तळ्याचे.

मागे वळतो. 1817 मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. 1828 मध्ये वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. दिवाणखाने गेले, सात मजल्यांची हवेली गेली, हजारी कारंजं राखेत उभं राहिलं. नळाला या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. पेशवे होते तेव्हा तो चालत होता, ते बिठूरला गेले तरी चालत राहिला. नव्या सरकारनं त्याची डागडुजी चालू ठेवली, कारण तो बंद पडला असता तर पेठा ओस पडल्या असत्या. राज्य बदलतं तेव्हा तोफा, खजिना आणि पाणी या तीन गोष्टी नवा धनी आधी ताब्यात घेतो. पैकी तोफा लवकर गंजतात.

इंग्रजांची मोठी गरज लष्कराची होती. छावणी गावाच्या पूर्वेला, कात्रजच्या नळाच्या टप्प्याबाहेर. तिच्यासाठी आधी संगमाखाली नदीवर बंधारा झाला. जमशेटजी जीजीभाई या मुंबईच्या पारशी सावकारानं त्याला मोठी देणगी दिली. बंड गार्डनच्या नावातला 'बंड' तो. आणि मग 1860 च्या दशकाच्या अखेरीला कॅप्टन फाइफ यांच्या योजनेनं खडकवासल्याचं काम सुरू झालं. 1879-80 पर्यंत ते उभं राहिलं. दगडी धरण, दोन बाजूंना कालवे, स्वारगेटला पाणी शुद्ध करायची सोय, आणि तिथून लोखंडी नळ. याच धरणावर 1903 मध्ये विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले.

आता पाणी दाबानं येऊ लागलं. घरात, न्हाणीत, दुसऱ्या मजल्यावर. कळशी घेऊन कोण हौदावर जाणार? जुन्या नळाला कुणी तोडलं नाही, बंद केला असंही झालं नाही. तो फक्त कुणाला लागेनासा झाला. हौदांवर धुणी पडू लागली, मग म्हशी धुतल्या जाऊ लागल्या, मग डासांची तक्रार आली आणि झाकणं बसली. पाण्याला बिघडायला वेळ लागत नाही, आधी त्याची गरज संपावी लागते.

गरज एकदा परत आली. 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. त्या पाण्याच्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि दुपारपर्यंत मुठा पेठांतून वाहू लागली. नदीकाठचे वाडे मातीसारखे विरघळले, लकडी पुलावरून पाणी गेलं. पूर ओसरला तेव्हा गाळ कमरेएवढा होता आणि नळाला थेंब नव्हता, कारण ज्या धरणातून पाणी यायचं तेच उरलं नव्हतं. वीजही गेलेली. तेव्हा पुणेकरांना आड आठवले, विहिरी आठवल्या, आणि कात्रजचे हौद आठवले. झाकणं निघाली, दोर आणि बादल्या निघाल्या. कात्रजच्या तळ्याला मुठेशी कर्तव्य नव्हतं. त्याचा डोंगर वेगळा, ओढा वेगळा. मुठेवर अवलंबून असलेलं सगळं वाहून गेलं त्या आठवड्यात दोनशे वर्षांपूर्वीचं पाणी उताराच्या बळावर पेठेत येतच होतं. आमच्याकडची म्हातारी माणसं पानशेतचा विषय निघाला की कोण कुठे अडकलं, कुणाचं काय वाहिलं हे सांगतात, त्यात मध्येच कुणीतरी म्हणतं, "आणि पाणी आणलं ते हौदावरनं." तेवढं एक वाक्य, मग पुन्हा पूर.

नवं पानशेत झालं, वरसगाव आलं, टेमघर आलं; पुण्याला नळानं मुबलक पाणी मिळालं आणि हौद दुसऱ्यांदा विसरले गेले. कात्रज गाव 1997 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलं. तोवर तिथे दूध संघाची डेअरी होती, सर्पोद्यान होतं, घाटाखालची शेतं होती. मग डोंगरउतारावर इमारती चढल्या. वरच्या वस्तीचं सांडपाणी तळ्यात येऊ लागलं, जलपर्णी माजू लागली. महापालिका ती काढते, ती पुन्हा येते. पिण्याच्या पाण्यासाठी गाळ निवळावा म्हणून ज्यांनी एकापुढे एक दोन तळी बांधली, त्यांच्या तळ्याची ही गत.

खणताना मात्र जुनं पुणं अजून मध्येच डोकं वर काढतं. 2019 च्या मार्चमध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली बांधीव बोगदा सापडला. वर्तमानपत्रांनी लगेच 'पेशवेकालीन भुयार' म्हणून मथळे दिले. जाणकारांपैकी काहींनी तो इंग्रजी अमलातल्या पाणीपुरवठ्याचा असल्याचं सांगितलं. भुयार म्हटलं की आपल्याला राण्या, खजिना आणि घोडेस्वार दिसतात. पुण्याच्या पोटात जे काही भुयारासारखं सापडतं, ते बहुतेक वेळा पाण्याची वाट निघते.

त्याच वर्षी, 25 सप्टेंबरच्या रात्री, कात्रजच्या डोंगरावर तुफान पाऊस झाला. तळी भरून वाहू लागली आणि आंबिल ओढ्याला असा लोंढा आला की अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर, पद्मावती, दांडेकर पुलाचा परिसर रात्रीत पाण्याखाली गेला. भिंती कोसळल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या, पुण्यात वीसहून अधिक माणसं मेली. लोक म्हणू लागले, ओढा इथे कुठून आला? ओढा तिथेच होता. आपण त्याच्या काठाची जागा मोजली, विकली, घेतली आणि त्याला नाला म्हणू लागलो. अडीच शतकांपूर्वी ज्या माणसांनी पाणी गावात आणलं, त्यांनीच ओढा गावाबाहेर काढला होता. दोन्ही कामं एकाच उताराची होती. पाणी कुठून येतं हे विसरलेल्या शहराला ते कुठून जातं हेही आठवत नव्हतं.

कात्रजला पोरांना घेऊन जरूर जा. वाघ बघा, झुकझुक गाडीत बसा, भेळ खा. फक्त निघायच्या आधी पाच मिनिटं बांधाकडे जा आणि तळ्याकडे पाठ करून उत्तरेला तोंड करा. पोरांना सांगा की तुमच्या पायांपासून शनिवारवाड्यापर्यंत सगळा उतार आहे. आणि पेठेतून जाताना एखाद्या जुन्या हौदावरचं पत्र्याचं झाकण बाजूला सरकलेलं दिसलं, तर वाकून बघा. काही हौदांच्या तळाशी अजून पाणी आहे.